दाराकडे तोंड केलेले जोडे

ओनो गावातली माणसं देवळात जायच्या आदल्या दिवशी मोजे तपासून ठेवायची. बुद्धाच्या धाकानं नव्हे, तोकिए इसोगाईच्या. एकेचाळीस वर्षं तोकिए डोंगराखालच्या देवळाच्या दारात, पायरीच्या खालच्या फरशीवर, बुटक्या स्टुलावर बसून लोकांचे जोडे सांभाळत होती. कुणाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला तर ती बोलायची काहीच नाही. आधी अंगठ्याकडे बघायची, मग छताकडे. तेवढं पुरे व्हायचं.

दुसऱ्या देवळांत जोड्यांना लाकडी बिल्ले लावतात. तोकिएला बिल्ल्यांची चीड होती. भर हिवाळ्यात मोठं मर्तिक असलं की दोनशे दोनशे जोड यायचे, सगळे काळे, एकासारखा एक. पण मंत्र संपून माणूस पायरीपाशी आला की त्याचा जोड त्याच्यापुढे हजर. टाचा त्याच्याकडे, तोंड दाराकडे; पाय सरकवला की चालू लागायचं. "जोडे सारखे असले म्हणून काय झालं? माणसं कुठं सारखी असतात?" असं ती म्हणायची. कोण टाच घासत चालतो, कोण वडिलांचे बूट कागद कोंबून घालतो, कोणाच्या घरात आज भांडण होऊन बाई नवऱ्याच्या चपला पायात अडकवून निघून आलीय, सगळं तिला तळव्यांवरून कळायचं. गावाची निम्मी बिंगं तिच्या हाताखालून गेली, आणि खरं सांगायचं तर तिनं त्यातलं एकही कधी फोडलं नाही. बिंग फोडणं तिला हलकं वाटायचं. समोरच्याला लाज वाटायला लावणं हे मात्र ती आपलं कर्तव्य समजायची.

जोडे काढण्याचीही तिची एक रीत होती. समोर तोंड करून वर चढायचं, मग जरा बाजूला वळून गुडघ्यावर बसायचं, आणि घरच्या माणसाला पाठ न दाखवता आपले जोडे हातानं फिरवून दाराकडे करायचे. हल्लीची माणसं दारातच गर्रकन वळतात आणि पाठमोरी वर चढतात. जोडे आपोआप दाराकडे तोंड करून राहतात, वाकायचे कष्ट वाचतात. अशा माणसाला तोकिए जोड्याजवळ उभं करायची नाही. "पाठ दाखवत घरात शिरतो तो एक तर चोर, नाही तर सामान आणणारा हमाल," हे तिच्या सासूचं मत होतं. सासूनं ते तिला बांबूच्या पट्टीनं शिकवलं होतं, आणि पट्टी खाल्लेल्या माणसाला ती दुसऱ्याला दिल्याशिवाय चैन पडत नाही.

ती दिली तिनं सुनेला.

चिहारु ओसाकाची. लग्नाआधी पहिल्यांदा घर बघायला आली ती ऑगस्टात, पितर घरी येतात त्या दिवसांत. पितरांच्या देव्हाऱ्यासमोरच्या तातामीवर, म्हणजे सपातासुद्धा चालत नाहीत अशा गवती चटईवर, बारा नातेवाईक पानावर बसलेले. पोरगी तेवीस वर्षांची, घामाघूम झालेली, नव्या किमोनोत गुदमरलेली. मध्येच उठून संडासात गेली आणि परत आली ती तिथंच दारात सोडायच्या संडासातल्या सपाता पायात तशाच ठेवून. ओसरीतून चालत आली, आणि त्याच सपातांनी थेट तातामीवर, देव्हाऱ्यापुढे येऊन उभी राहिली. बारा जणांच्या जेवणाच्या काड्या हवेत थांबल्या.

एखादीनं डोळ्यानं खूण केली असती तरी भागलं असतं. तोकिए उठली. पोरीच्या पायाशी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी एकेक सपात काढली, वर्तमानपत्रावर ठेवली आणि गोड आवाजात म्हणाली, "घाबरू नकोस गं, पोरी. ज्याच्या त्याच्या घरची रीत. तुमच्याकडे चालत असेल." मग ओलं फडकं आणलं आणि पोरीची पावलं पुसायला घेतली. देव्हाऱ्यापासून संडासाच्या दारापर्यंत, एकेक पाऊल, मोजत. सोळा भरली. तोवर कोणी घास घेतला नाही. चिहारु अनवाणी पायांनी तिथंच उभी होती.

"शिस्त असावी तर अशी!" नातेवाइकांतल्या मोठ्या आत्या म्हणाल्या. आणि तोकिएची नणंद यासुए, जिच्या तोंडाला झाकण नव्हतं, तिनं जेवण संपायच्या आत नाव ठेवलं, 'सोळा पावलांची सून'. पुढे लग्न झालं, चिहारु नवऱ्याबरोबर ओसाकाला राहिली, वर्षातून दोनदा यायची. दर वेळी यासुए विचारायची, "काय गं, आज किती पावलं?" दर वेळी सगळे हसायचे आणि चिहारुही हसायची. अठ्ठावीस वर्षं हसली. इतकं हसणारं माणूस काही विसरलेलं नसतं, हे तोकिएला कळायला हवं होतं. पण तिचा सगळा अभ्यास तळव्यांचा. चेहऱ्यांकडे बघायची तिला सवयच नव्हती.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वसंतात, एका श्राद्धाला तिनं दंतवैद्यांपुढे शाळामास्तरांचे बूट ठेवले. दंतवैद्य हसले. पाठोपाठ आणखी तिघांचे चुकले आणि मग कोणी हसलं नाही. चार दिवसांनी देवळाचे ओशोसान मिठाईची पेटी घेऊन घरी आले. ओशोसान म्हणजे पुजारी; लहानपणी त्यांचे चिमुकले गमबूटसुद्धा तोकिएनंच फिरवून ठेवले होते. चहा झाला, हवापाण्याचं झालं आणि मग ते म्हणाले, "तोकिए-सान, फार वर्षं केलंत. आता विश्रांती घ्या. जोड्यांना बिल्ले करून घेतलेत."

"बरं केलंत," ती म्हणाली. मिठाई तिनं उघडलीच नाही. देवळाकडची वाट टाळण्यासाठी ती भाजीला लांबच्या वळणानं जायला लागली.

त्या उन्हाळ्यात किटली दोनदा करपली. शेजाऱ्यांनी फोन केला आणि मुलगा नोरिओ धावत आला. स्वयंपाकघरात बसून, काळ्या किटलीकडे बघत त्यानं विषय काढला. "आई, फुकुइ शहरात एक वृद्धाश्रम बघितलाय. स्वच्छ आहे."

"स्वच्छ इस्पितळही असतं," तोकिए म्हणाली. "मी या घरात सून म्हणून आले आणि इथूनच जाणार. तू तुझं बघ."

नोरिओ मऊ माणूस. किटलीचा काळा बूड खरवडत म्हणाला, "बाबांच्या सातव्या वर्षाच्या श्राद्धाला नोव्हेंबरात आम्ही येतोच आहोत. तो दिवस तू नीट पार पाडलास तर पुन्हा हा विषय नाही काढणार. पण काही झालं, तर मात्र माझं ऐकायचं."

"परीक्षाच घे की आईची."

"परीक्षा कसली गं," तो म्हणाला. पण होती परीक्षाच, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

किटलीची तोकिएला भीती नव्हती. किटली कोणाचीही करपते. भीती होती ती वेगळीच, कोणाला न सांगितलेली. एक दिवस दुपारी ती स्वयंपाकघरात तांदूळ धूत उभी होती आणि खाली बघितलं तर पायात संडासातल्या सपाता. घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी तिनं आधी मागे वळून बघितलं, मग जमिनीवर बसली आणि पोटभर रडली. आठवड्यानं पुन्हा तेच. मग तिनं शिवणाच्या डब्यातून लाल लोकरीचा दोरा काढला आणि संडासातल्या दोन्ही सपातांवर मोठी फुलं बांधली. बाहेर पडताना खाली बघायचं. लाल दिसलं की थांबायचं, बदलायचं. लाल नसलं की चालायला लागायचं. तीन महिन्यांत एकदाही चुकली नाही. सुंभ जळला तरी पीळ शाबूत होता.

श्राद्धाच्या दिवशी डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ दिसत होतं. तोकिए पहाटेपासून अळकुड्या सोलत बसली होती, हातांना खाज सुटलेली. चिहारु आणि नोरिओ आले. चिहारुच्या हातात भलीमोठी पिशवी.

"आई, पाहुण्यांसाठी नव्या सपाता आणल्यात. जुन्या अगदीच विटल्या होत्या. मी बदलून टाकते हं, तुम्ही नका उठू."

"बदल, बदल," तोकिए अळकुडीवरून नजर न काढता म्हणाली. सपाता बिस्किटी रंगाच्या, गुळगुळीत, दिसायला सगळ्या एकसारख्या. संडासातल्याही बदलणार का, हे विचारायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि दिवस काय सुरेख गेला! तोकिएनं एकाचं नाव चुकवलं नाही. कोणी कोणाच्या आधी धूप वाहायचा, कोणाला मीठ कमी, कोणाला गुडघ्यांमुळे खुर्ची, सगळं बरोबर. ओशोसानांचे मंत्र झाले, जेवण झालं, अळकुड्यांची वाटी लोकांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. यासुएनंसुद्धा "वहिनी, तुमच्या हाताची चव काही जात नाही बाई" असं म्हटलं. चहा गाळताना नोरिओ स्वयंपाकघरात आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटला, "उगाच घाबरलो आम्ही. आता राहा तुझ्या घरात." तोकिएनं मान हलवली फक्त. मनातून मात्र तिला फार आनंद झाला.

त्या आनंदात ती संडासात गेली. बाहेर आली. रीतीप्रमाणे खाली बघितलं. लाल दिसलं नाही. म्हणजे ठीक.

ओसरीतून ती खोलीपर्यंत आली. तातामीच्या कडेला सपाता काढल्या. आत ओशोसान उठायच्या बेतात होते. त्यांच्यासाठी सपाता समोर हव्यात, म्हणून तिनं गुडघ्यावर बसून स्वतःच्या पायातल्या सपाता हळुवार हातानं जुळवल्या आणि तोंड फिरवून ठेवल्या. एकेचाळीस वर्षांचा हात. इतक्या सरळ कोणी ठेवल्या नसत्या. ओशोसानांनी पांढरेशुभ्र मोजे त्यात सरकवले आणि ते दाराकडे निघाले. मागून सगळे निरोप द्यायला, कमरेत वाकत वाकत.

तेवढ्यात संडासाकडून यासुएचा आवाज आला. "अगं बाई! संडासातल्या सपाता कुठं गेल्या? दाराबाहेर घरातल्या सपातांचा जोड आहे आणि आत एकही नाही!"

सगळ्यांनी आधी आपापल्या पायांकडे बघितलं. मग एकेक करून ओशोसानांच्या. ओशोसान पायरीच्या कडेशी थबकले, खाली बघितलं आणि सपातेच्या कडेला छापलेली 'संडास' ही बारीक अक्षरं त्यांनी वाचली. त्यांचे कान लाल झाले.

चिहारु पुढे झाली. गुडघे टेकले, दोन्ही हातांनी एकेक सपात काढली आणि बाजूला ठेवली. "माफ करा, ओशोसान. आईंना आता कळत नाही हो."

"घ्या वहिनी!" यासुए धावत येऊन फुटलीच. "आता तुमची किती पावलं?"

"हसू नका, आत्या," चिहारु शांतपणे म्हणाली. "त्यांच्या हातात आहे का ते?"

यासुएचं हसणं तोकिएनं सहन केलं असतं. हे वाक्य तिला सोसवेना. ती तोंड उघडणार होती. माझ्या सपाता कोणी बदलल्या, त्यावरचा लाल दोरा कोणी काढला, हे सगळ्यांसमोर विचारणार होती. पण मग नोरिओ विचारणार, कसला दोरा, आई? दोरा कशाला लागत होता तुला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. 

फडकं कोण आणतंय म्हणून ती वाट बघत होती. कोणी आणलं नाही. ओसाकाच्या पोरीनं घर विटाळलं तेव्हा सोळाच्या सोळा पावलं पुसली गेली होती. आज घरच्या बाईनं विटाळलं, पुजाऱ्याला त्यात चालवलं, आणि पुसावं असं कोणाला वाटलंही नाही. ज्याची चूक मोजतात त्याला निदान माणसात धरलेलं असतं. तोकिएला आता माफ केलं होतं, मांजराला करतात तसं.

तिनं स्वतः फडकं आणलं. तातामीच्या कडेपासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत, मोठ्यानं मोजत, पुसायला लागली. "एक. दोन. तीन."

"आई, पुरे," नोरिओ म्हणाला.

"सात. आठ."

"आई, ऊठ ना. लोक बघतायत."

लोक बघतच होते. हेच पुसणं एकदा शिस्त म्हणून वाखाणलं गेलं होतं आणि वाखाणणाऱ्यांतले निम्मे आजही इथं होते. आता ते डोळे टिपत होते. कोणीतरी कुजबुजलं, "फारच वाढलंय हो." ओशोसान खाली उतरले. त्यांचे जोडे चिहारुनं फिरवून ठेवले होते. नोरिओनं भिंतीकडे तोंड केलं आणि तोकिएला त्याच्या पाठीवरूनच कळलं की परीक्षेचा निकाल लागला.

तरी ती थांबली नाही. जवळजवळ तीच वाट होती, पण तिची पावलं आता लहान झाली होती. तेवीस भरली. संडासाच्या दारात पोचून तिनं मान वर केली, तर खिडकीच्या कट्ट्यावर लाल दोरा होता. फुलं सोडून, नीट ताणून, छोटी गुंडी करून ठेवलेला. जुन्या सपाता टाकणाऱ्या बाईनं दोरा टाकला नव्हता. दोन्ही गाठी बसून सोडवल्या होत्या. अशा गाठी सोडवताना माणूस विचार करतो, ही फुलं इथं कशाला बांधली असतील.

तोकिएनं दोऱ्याला हात लावला नाही. फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं.

जानेवारीत तिला फुकुइला नेलं.

वृद्धाश्रमात सगळ्यांना एकाच तऱ्हेचे जोडे होते. मऊ कापडाचे, पट्टी चिकटवायचे, चवड्यावर काळ्या शाईनं नाव. दोनशे जोड बिल्ल्यावाचून ओळखणाऱ्या बाईच्या पायावर लिहिलं होतं, 'इसोगाई तोकिए'. बाहेर जायचे जोडे पहिल्या दिवशीच तिच्याकडून घेतले आणि कुलपाच्या कपाटात ठेवले. "जोडे दिसले ना आजी, की सगळे घरी जायला निघतात," कामावरची मुलगी म्हणाली. मुलगी चांगली होती. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

फेब्रुवारीत चिहारु भेटायला आली. नोरिओला काम होतं. पाऊण तास बसली, संत्री सोलून दिली, हवेबद्दल बोलली. निघताना तोकिए तिच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि सवयीनं खाली गुडघे टेकले. पण फिरवायला काही नव्हतंच. चिहारु येताना पाठमोरी वर चढली होती. तिचे बूट आधीच दाराकडे तोंड करून होते.

"उठा आई, गुडघे दुखतील." चिहारुनं तिला हात धरून बाकावर बसवलं. मग पर्स उघडून एक कागदाची पुडी काढली. "इथं सगळ्यांचे जोडे सारखेच की हो. नाव वाचायला चष्मा शोधा. म्हणून म्हटलं..." पुडीतून लाल दोरा निघाला. चिहारु खाली बसली आणि सासूच्या दोन्ही जोड्यांवर तिनं फुलं बांधली. मोठी, सारखी, तोकिए बांधायची तशीच. "तुम्हाला सवय आहे ना याची."

तोकिएनं आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. "तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय, आई?" चिहारुचा चेहरा धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ होता.

तोकिएनं तो विषय सोडला. भांडायचं बळ नव्हतं आणि त्याहून मोठं एक दुःख तिला पोखरत होतं, जे मुलालाही सांगता येत नव्हतं. जन्मात कधी कोणापुढे हात न पसरलेली बाई सुनेची बाही धरून हळू आवाजात म्हणाली, "चिहारु, इथं याच जोड्यांनी संडासात नेतात गं. आणि याच जोड्यांनी जेवायला बसवतात. याच जोड्यांनी पलंगापर्यंत. मला घास जात नाही. मी सांगितलं तर हसतात. तू सांग ना त्यांना, माझ्यापुरते तरी वेगळे द्या म्हणून."

चिहारुनं बाही अलगद सोडवून घेतली. उठली, स्वेटर सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाली, "घाबरू नका, आई. ज्याच्या त्याच्या घरची रीत. इथं चालत असेल."

बूट दाराकडे तोंड करून होतेच. तिनं पाय सरकवले आणि ती चालू लागली.